सासूबाईंबद्दल प्रेम वाटत नाही, मग ही सेवा ढोंग आहे का?

जालना जिल्ह्यातल्या एका गावातून एका बहिणीचं पत्र आलंय. सासूबाईंना लकवा मारल्यापासून त्या अंथरुणाला खिळल्यात, वाचाही गेलीय. ही पहाटे त्यांचं अंग पुसते, भाकरी दुधात कुस्करून भरवते आणि मग रानात जाते. दोन्ही मुलीच झाल्या म्हणून याच सासूबाईंनी तिला वर्षानुवर्षं टोमणे मारले. नवरा रोज संध्याकाळी प्रार्थना सभेला जातो. रविवारी चर्चमध्ये 'प्रीती सहनशील आहे' हे वाचन झालं आणि तिला रडू आवरेना. ती विचारते, 'ताई, माझ्या मनात त्यांच्याबद्दल प्रेमच नाही. मग मी करते ते ढोंग का?'

प्रिय बहिणी,

नाही. ढोंग चार लोकांसमोर करतात. घरातलं कुणी उठलेलं नसताना ओली चादर बदलणारी बाई ते कुणाला दाखवायला करत नसते.

रविवारचं ते वाचन 1 करिंथ 13 मधलं, म्हणजे बायबलमध्ये प्रेषित पौलानं करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्रातलं. तो अध्याय आपण लग्नात वाचतो, म्हणून गोड भावनांचा वाटतो. पौलानं तो लिहिला तेव्हा करिंथची मंडळी आपसात भांडत होती. एकमेकांवर फिर्यादी चालल्या होत्या; प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत एकत्र जेवताना, एक जण उपाशी, तर दुसरा पिऊन तर्र. अशांना पौल मनात काय वाटायला हवं ते सांगत बसला नाही. प्रीती काय करते आणि काय करत नाही, ते त्यानं सांगितलं. सहनशील असते, परोपकारी असते, स्वार्थ पाहत नाही. हे तर तू रोज करतेस.

'अपकार स्मरत नाही' इथं तू अडतेस, ते मला कळतं. पोरींवरून ऐकलेलं आई विसरत नाही. सासूबाई आता माफी मागायची म्हटलं तरी मागू शकणार नाहीत. पण त्या आठवणीचा सूड तू घेत नाहीस. घास भरवताना हात आपटत नाही, असं तूच लिहिलंयस. क्षमेची सुरुवात इथूनच होते. मन मागून येईल. नाहीच आलं, तर तेही देवाला आहे तसं सांग. बायबलमधल्या स्तोत्रांमध्ये माणसं देवापुढं याहून कितीतरी कडू बोलली आहेत.

मला खटकली ती तुझ्या पत्रातली दुसरीच ओळ: 'हे म्हणतात, देवाचं काम आधी.' येशूच्या काळीही काही जण आईबापांना द्यायचं ते 'देवाला अर्पण झालं' असं म्हणून मोकळे होत. येशूनं त्याबद्दल किती कडक शब्दांत सुनावलं, ते मार्क 7 मध्ये आहे. नवऱ्यासोबत बसून ते वाच. आई त्याची आहे.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. दिवसाही आणि रात्रीही. रानातलं काम सांभाळून हे एकटीनं करायला गेलीस तर घरात दुसरी खाट पडेल. मदत मागितली तर प्रीती कमी पडली असं होतं, हे मनातून काढ. येशूच्या गोष्टीतल्या चांगल्या शोमरोन्यानं वाटेत जखमी पडलेल्या परक्या माणसाच्या जखमा बांधल्या, त्याला उतारशाळेत नेलं, त्याची काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी मात्र त्यानं उतारशाळेच्या माणसाला दोन दीनार, म्हणजे त्या काळची दोन दिवसांची मजुरी दिली, पुढची देखभाल त्याच्यावर सोपवली आणि आपल्या वाटेला लागला. लूक 10 मध्ये येशू याच माणसाकडे बोट दाखवून 'तूही तसंच कर' म्हणतो.

तेव्हा रात्री कूस बदलायचं काम नवऱ्याकडे दे. दीर पुण्यात नोकरीला आहेत ना, कापूस वेचणीच्या दिवसांत घरी एक बाई लावायचे पैसे त्यांनी पाठवावेत. नणंदेनं महिन्यातून चार दिवस येऊन राहावं. लकव्याच्या रुग्णाला व्यायाम कसे द्यायचे, हे सरकारी दवाखान्यात विचार आणि विचारायला नवऱ्याला सोबत ने. हे सगळं बोलायचं तेव्हा पाळकसाहेबांना घरी बोलाव. नवरा त्यांचं ऐकतो, असं तू म्हणतेस. आणि बोलणं लांबवू नकोस, दसऱ्याच्या आत ठरव. एकदा वेचणी सुरू झाली की तुला बसून बोलायला वेळच मिळणार नाही.

तुझी,
ताई