खांदा आखडलाय, नुसत्या हाताने मोकळा होईल का?

प्रश्न : ताई, आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. सासूबाई ५६ वर्षांच्या, तीस वर्षं विड्या वळल्यात. चार महिने झाले उजवा खांदा असा धरलाय की अंबाडा घालता येईना, ब्लाउजचे हुक मी लावून देते, रात्री त्या कुशीवर वळल्या की कण्हतात. शुगर पण आहे. गल्लीतल्या एकांनी सांगितलं की एक जण होलिस्टिक हँड थेरपी करतात, नुसत्या हाताने शिरा मोकळ्या करतात. दहा सिटिंगचे पैसे आधी भरायचे आणि तोवर शुगरच्या गोळ्या बंद ठेवायच्या म्हणे. घ्यावं का?
– एक सूनबाई

उत्तर : सूनबाई, आधी गोळ्यांचं बोलू. एकही गोळी चुकवू नका. हात कितीही चांगला असू दे, गोळ्या बंद करा म्हणणाऱ्याकडे जायचंच नाही.

आता खांदा. घरी एक बघा, सासूबाईंचं कोपर कमरेला टेकवून काटकोनात ठेवा आणि त्यांना हात सैल सोडायला सांगून तुम्हीच त्यांचा पंजा हळूच बाहेरच्या बाजूला न्या. दुसरा हात सहज जातो आणि हा थोडा जाऊन अडतो, असं झालं तर बहुतेक फ्रोझन शोल्डर. तरी डॉक्टरांना एकदा दाखवाच. यात शिरा वगैरे काही तुंबलेलं नसतं, सांध्याभोवतीची पिशवी सुजून जाड होते आणि आवळत जाते. चाळीस ते साठ वयातल्या बायकांना जास्त होतं आणि शुगरवाल्यांना तर फारच, त्यांचा बरा व्हायला वेळही जास्त लागतो, कधी वर्ष-दोन वर्षं.

हाताच्या उपचाराने फायदा होतो का, तर होतो, मी स्वतः रोज तेच करते. त्याला मोबिलायझेशन म्हणतात. दुखणं जास्त असेल तेव्हा सांधा अगदी बारीक झोके देत हलवायचा, दुखणं उतरलं की जिथे अडतो तिथपर्यंत नेऊन हळूहळू ताणायचा. पेशंट श्वास धरून बसला किंवा कपाळाला आठी पडली की माझा हात तिथेच थांबतो. झटका देऊन एका दमात खांदा सोडवतो म्हणणाऱ्याच्या हातात खांदा देऊ नका, पिशवी अजून चिडते, आणि वयस्कर बाईचं हाड पण मोडू शकतं.

आणि खरं सांगू, माझ्या हाताने जी मोकळीक मिळते ती घरी व्यायाम केला तरच टिकते. आपल्या सोलापुरात टॉवेलला काय तोटा! एक टॉवेल पाठीमागे धरायचा, वरचं टोक चांगल्या हातात, खालचं दुखऱ्या हातात, आणि वरच्या हाताने हळू ओढायचं. टेबलाला टेकून वाकून हात घड्याळाच्या लंबकासारखा सोडायचा, दिवसातून चार-पाच वेळा, दोन-दोन मिनिटं. झोपताना त्या हाताखाली उशी. शेक द्यायचा तर गरम पाण्याच्या पिशवीवर आधी तुमचा हात ठेवून बघा, शुगरमुळे कधी कधी कातडीला चटका कळत नाही आणि फोड आलेले मी बघितलेत.

होलिस्टिक म्हणजे अख्खा माणूस बघायचा ना, मग त्यात शुगर आली, झोप आली आणि मांडीवरचं विड्या वळायचं सूपही आलं. मान खाली घालून तासन् तास पानं कापायची, गुंडाळायची, दोरा मारायचा. कामच बंद करा असं मी सांगणार नाही, घर त्यावर चालतं. पण सूप उशीवर ठेवून थोडं उंच घ्या, पाठीला भिंत द्या, अर्ध्या तासाने उठून दोन घोट पाणी पिऊन यायचं. तीन महिन्यांची शुगर दाखवणारी टेस्ट पण करून घ्या. डॉक्टर खांद्यात इंजेक्शन सुचवतील तर शुगर आधी सांगा, त्याने काही दिवस शुगर चढते.

थेरपिस्ट निवडताना बिनधास्त विचारा, डिग्री काय, महाराष्ट्राच्या फिजिओथेरपी कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आहे का. दहा सिटिंगचे पैसे आधी भरू नका, तीन-चार वेळा जाऊन बघा.

प्रश्न : मी लूमवर आहे, कंबरेत उसण भरते. आई म्हणते पायाळू माणसाकडून पाठीवर पाय देऊन घे, मागच्या वेळी बरं वाटलेलं.
– एक विणकर

उत्तर : दादा, आईच्या मायेला काही म्हणणं नाही. पण साधी उसण बहुतेक वेळा काही दिवसांत, फार तर थोड्या आठवड्यांत आपणच उतरते, त्यामुळे पाय देणाऱ्याला श्रेय मिळतं. वजन टाकून पाय देऊन घेऊ नका. दोन दिवस शेक घ्या, झोपून राहू नका, घरातल्या घरात चालत राहा, लूमचा सुताचा बीम उचलायला दुसरा माणूस घ्या. मात्र लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बसायच्या जागी बधिर वाटलं, पायातला जोर गेला, तर रात्र असली तरी त्याच वेळी सिव्हिल गाठा.