पृथ्वी सूर्यापासून योग्य अंतरावर आहे म्हणूनच इथे जीवसृष्टी आहे का? ती थोडी सरकली तर काय होईल?

थोडी ती दरवर्षी सरकतेच. जानेवारीत सूर्यापासून सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर असते, जुलैत १५ कोटी २१ लाखांवर. पन्नास लाख किलोमीटरचा फरक पडतो, तरी काही जळत नाही की गोठत नाही. "जरा जवळ गेलो की खाक" हे मेसेज पुढे ढकलणं कृपा करून थांबवा.

आणि "योग्य अंतर" हे उत्तर मला अजिबात मान्य नाही. चंद्रही त्याच अंतरावर आहे, पण त्याला हवा नाही. तिथे विषुववृत्तावर दुपारी १२० अंश सेल्सिअस असतं, रात्री उणे १३० च्याही खाली जातं. पृथ्वीवर हरितगृह वायू नसते तर सरासरी तापमान उणे १८ असतं. प्रत्यक्षात ते १५ च्या आसपास आहे.

खरा प्रश्न वेगळाच आहे. सूर्य सुरुवातीला आजच्यापेक्षा सुमारे ३० टक्के मंद होता. तरीही ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्स डोंगरांतल्या झिरकॉन या टिकाऊ खनिजाच्या प्राचीन स्फटिकांवरून दिसतं की ४४० कोटी वर्षांपूर्वी, किंवा त्यानंतर थोड्याच काळात, इथे द्रवरूप पाणी होतं. अंतर तेच, ऊन एवढं वाढलं, मग समुद्र टिकले कसे?

वॉकर, हेज आणि कास्टिंग या शास्त्रज्ञांनी १९८१ साली मांडलेलं उत्तर आजही सर्वांत भक्कम वाटतं: खडक तापमान सांभाळतात. पावसाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळून सौम्य आम्ल बनतं. ते बेसाल्ट, ग्रॅनाइटमधल्या सिलिकेट खनिजांना झिजवतं. कॅल्शियम आणि बायकार्बोनेट नद्यांतून समुद्रात जातात आणि तिथे चुनखडी बनते. हिशेब असा: कॅल्शियमच्या एका अणूमागे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू खर्च होतात, चुनखडी बनताना एक परत सुटतो, एक अडकतो. (चुनखडीच झिजली तर एक जातो आणि एकच परत येतो, म्हणजे निव्वळ शून्य. खडक सिलिकेटचाच हवा.) पुढे भूपट्ट खाली सरकतात, चुनखडी तापते आणि ज्वालामुखी तो वायू परत हवेत सोडतात.

यातली मेख म्हणजे खडकांच्या या झिजेचा वेग तापमानावर ठरतो. गरम झालं की पाऊस आणि रासायनिक झीज वाढते, वायू घटतो, थंडावा येतो. थंडी वाढली की झीज मंदावते, ज्वालामुखी मात्र चालूच राहतात. ७२ ते ६३ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी किमान दोनदा जवळजवळ पूर्ण बर्फाखाली गेली होती. बर्फाखाली झीज थांबली, वायू साठत गेला आणि बर्फ वितळला. त्या काळच्या हिमनद्यांच्या गाळावर थेट कार्बोनेट खडकाचे थर बसलेले आढळतात, ते यामुळेच.

या चक्राला पाणी, जमीन आणि आतून तापलेला ग्रह, तिन्ही लागतं. मंगळाचं वस्तुमान पृथ्वीच्या एक दशांश. तो आतून लवकर निवला आणि हवाही धरून ठेवू शकला नाही. शुक्राचं पाणी गेलं, मग वायू खडकात परतायचा मार्गच बंद झाला: आज तिथे पृथ्वीच्या ९० पटींहून जास्त दाब आणि ४६० अंश. जवळपास तेवढाच कार्बन पृथ्वीवरही आहे, पण खडकात.

अंतर अगदीच बिनमहत्त्वाचं आहे असं नाही. पृथ्वी कायमची बरीच आत सरकली तर वाफ स्थितांबरापर्यंत चढेल, अतिनील किरण तिचे तुकडे करतील आणि हायड्रोजन अवकाशात निसटेल, म्हणजे पाणीच कायमचं जाईल. हवा टिकवण्यातलं चुंबकीय क्षेत्राचं महत्त्व मात्र वाजवीपेक्षा जास्त सांगितलं जातं; शुक्राला स्वतःचं क्षेत्र नाही, तरी त्याची हवा प्रचंड दाट आहे.

आणि "पृथ्वी आपोआप समतोल साधते, मग हवामानबदलाची काळजी कशाला" म्हणणाऱ्यांसाठी: या चक्राला समतोल साधायला लाखो वर्षं लागतात. आपण कार्बन डायऑक्साइड दोनशे-अडीचशे वर्षांत २८० वरून ४२० पीपीएमच्या (हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे ४२०) वर नेला आहे. खडक तेवढ्या वेगाने झिजत नाहीत.