खारफुटीच्या गाळातून वाढवलेला जांभळा जिवाणू नवीन प्रजातीचा आहे, हे कसे ठरवावे?

तुम्ही लिहिले आहे की, खाडीकाठच्या खारफुटीतला काळा गाळ बाटलीत बंद करून दिव्यासमोर ठेवल्यावर जांभळट लाल वाढ आली आणि तिच्या १६एस आरआरएनए जनुकाचा (जिवाणूंची ओळख पटवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जनुकाचा) क्रम मॅरिक्रोमॅटियम या जीनसमधील (जवळच्या प्रजातींच्या गटातील) एका प्रजातीशी ९८.२ टक्के जुळला. एवढ्यावरून नवीन प्रजाती जाहीर करता येणार नाही, पण शक्यता चांगली आहे आणि काम पुढे न्यावे असे मला मनापासून वाटते.

पहिले काम शुद्धीकरणाचे, आणि माझ्या मते सर्वांत चिवट कामही तेच. गाळातील सल्फेट-क्षपणक जिवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, म्हणून त्या चिखलाला कुजक्या अंड्यांसारखा वास येतो. जांभळे गंधक-जिवाणू प्रकाशाच्या बळावर तेच सल्फाइड वापरून पुन्हा सल्फेट तयार करतात. दोघांचे असे परस्परांवर भागत असल्यामुळे नव्या माध्यमात कितीही वेळा बदली केली तरी ते एकत्रच पुढे जातात, आणि बाटलीचा रंग एकसारखा दिसला तरी आत सोबती असतोच. यावर जुना उपाय म्हणजे वितळलेल्या कोमट आगरमध्ये (थंड झाल्यावर घट्ट होणाऱ्या माध्यमात) वाढ क्रमाक्रमाने पातळ करत खोल नळ्या लावणे, वर पॅराफिनचा थर देऊन हवा तोडणे, आणि सुट्या दिसणाऱ्या वसाहती बारीक काचनळीने उचलून हीच क्रिया पुन्हा करणे. शेवटी सेंद्रिय पोषक माध्यमात अंधारात काही वेगळे वाढते का, हेही तपासावे.

शुद्ध वाढ हाती आली की ताजे सल्फाइड देऊन थोड्या वेळाने फेज-कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. क्रोमॅटिएसी कुलातील पेशींच्या आत गंधकाचे चकाकते कण दिसतात, तर एक्टोथायोरोडोस्पायरेसी कुलात ते बहुधा पेशीबाहेर पडतात. सल्फाइड संपले की पेशी साठवलेला गंधकही वापरून टाकते, त्यामुळे उपाशी वाढ पाहून ‘कण नाहीत’ अशी नोंद करू नये. रंगद्रव्यासाठी जिवंत पेशी साखरेच्या दाट द्रावणात मिसळून शोषणपट (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो याचा आलेख) घ्यावा. दाट द्रावणामुळे प्रकाशाचे विखुरणे कमी होते आणि शिखरे स्पष्ट उमटतात. ८०० नॅनोमीटरच्या आसपास आणि ८५० च्या पुढे शिखरे आली तर बॅक्टेरियोक्लोरोफिल-ए (जिवाणूंतील हरितद्रव्याचा एक प्रकार), आणि १,०२० च्या जवळ आले तर बॅक्टेरियोक्लोरोफिल-बी समजावे.

आता तुमच्या आकड्याकडे येऊ. पूर्वी १६एस क्रमासाठी ९७ टक्क्यांची सीमा मानत असत, आता साधारण ९८.७ मानतात. साम्य या सीमेखाली असेल तर प्रजाती वेगळी असण्याची शक्यता धरतात, आणि तुमचा आकडा तिच्याखाली आहे, हे खरे. परंतु तो जनुकाच्या जवळजवळ पूर्ण, म्हणजे सुमारे १,५०० अक्षरांच्या क्रमावरून आला आहे का, आणि तुलना जीनसमधील सर्व प्रमाण वाणांशी (प्रत्येक प्रजातीचा नमुना म्हणून जपलेल्या वाणांशी) केली आहे का, हे आधी पाहा. निर्णय जीनोमवर, म्हणजे पेशीतील संपूर्ण डीएनएच्या क्रमावर होतो: निकटतम प्रमाण वाणाशी सरासरी न्यूक्लिओटाइड साम्य ९५–९६ टक्क्यांच्या खाली आणि संगणकीय डीएनए-डीएनए संकरण (दोन जीनोम किती जुळतात याचा संगणकाने काढलेला अंदाज) ७० टक्क्यांच्या खाली असले पाहिजे. प्रकाशसंश्लेषणाच्या अभिक्रिया केंद्राची पीयूएफ-एल आणि पीयूएफ-एम ही जनुकेही जोडीला तपासावीत.

तुमच्या तुलनेत मॅरिक्रोमॅटियम इंडिकम असायलाच हवा. तो गोव्याच्या खारफुटीतील मातीतून मिळाला आणि हैदराबादच्या शशिकला व रमणा यांच्या गटाने जर्मनीच्या इमहॉफ यांच्यासह २००५ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. याच हैदराबादी गटाला ओडिशातील भितरकनिकाच्या खारफुटीत सापडलेल्या थायोफिओकोकस मँग्रोव्हाय या जिवाणूसाठी तर नवा जीनसच करावा लागला. प्रमाण वाण मागवून तुमच्या वाणासोबत एकाच माध्यमात, एकाच प्रकाशात आणि तापमानात वाढवा. मिठाची गरज, कार्बनस्रोत, पेशीतील मेदाम्ले आणि क्विनोन (पेशीपटलातील इलेक्ट्रॉन वाहून नेणारे रेणू) यांची तुलना तेव्हाच ग्राह्य ठरते. दुसऱ्यांच्या लेखातील तक्त्यावरून उतरवलेल्या फरकांवर मी विश्वास ठेवत नाही.

नाव वैध ठरण्यासाठी प्रमाण वाण दोन वेगवेगळ्या देशांतील संग्रहांत ठेवावा लागतो. आपल्याकडे पुण्याचे राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आहे. परदेशी संग्रहाकडे वाण पाठवताना मात्र २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या तरतुदी पाहाव्या लागतात, म्हणून त्याबद्दल मार्गदर्शकांशी लेख लिहायला घेण्यापूर्वीच बोलून घ्या.