वाचकांचे प्रश्न : जुन्या चेनसॉचे ट्युनिंग

प्रश्न : जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळाने आमच्या बागेतील आंबे-फणस आडवे केले, तेव्हा घेतलेला ५० सीसीचा जुना चेनसॉ अजून वापरात आहे. यंदाच्या पावसाळ्यानंतर तो सुरू होत असे, पण रेस दिली की घुसमटून बंद पडे. ओळखीच्या मेकॅनिकने कार्बुरेटरचे स्क्रू फिरवून दिल्यावर तो रेस घेऊ लागला. मात्र आता आवाज कर्कश येतो आणि इंजिन लवकर तापते. घरच्या घरी ट्युनिंग करता येईल का?
— एक बागायतदार, दापोली तालुका

उत्तर : करता येईल, परंतु तोपर्यंत या चेनसॉने एकही फांदी कापू नका. कर्कश आवाजाचा अर्थ इंजिनात हवा जास्त आणि पेट्रोल कमी जात आहे. टू-स्ट्रोक इंजिनाला ऑइल मिळते ते पेट्रोलमधूनच, त्यामुळे पेट्रोल कमी पडले की वंगणही कमी पडते. सुरुवातीच्या काळात मीही अशा खणखणीत आवाजाला भुललो होतो. अर्धा ओंडका कापून होतो न होतो तोच इंजिन जाम झाले, आणि सायलेन्सर काढून पाहिले तर पिस्टनवर उभे ओरखडे उमटलेले होते. त्या आवाजाची किंमत नवा पिस्टन आणि सिलिंडर इतकी पडली.

स्क्रूकडे वळण्याआधी मूळ दुखणे शोधावे, कारण तुमच्या वर्णनावरून ते स्क्रूचे वाटत नाही. टाकीत पेट्रोल ठेवून पावसाळा काढला असेल, तर तिथूनच सुरुवात करा. हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओलावा शोषते आणि जुन्या रबराला मानवत नाही. टाकीच्या तोंडातून वाकवलेल्या तारेने फ्युएल फिल्टर बाहेर ओढा. तो काळपट किंवा चिकट असेल तर धूत न बसता बदला. नळी टाकीच्या भोकातून जिथे बाहेर येते तिथे ती दुमडून पाहा, चीर हमखास त्याच जागी सापडते. मग कार्बुरेटरचा पडदा, म्हणजे डायफ्रॅम, तपासा. चांगला पडदा बोटाने दाबला की मऊपणे दबतो. कडक झालेला पडदा कागदासारखा कुरकुरतो, कार्बुरेटरमध्ये पेट्रोल सोडणारी सुई पुरेशी उघडत नाही, आणि रेस देताच इंजिन उपाशी राहून घुसमटते. पडदा आणि गॅस्केटचे किट वेगळे मिळते. कार्बुरेटर उघडलाच आहे तर आतली नखाएवढी जाळीही साफ करा. एअर फिल्टर, सायलेन्सरमधील काजळीने बुजलेली जाळी आणि प्लग यांना फार वेळ लागत नाही. प्लगची फट बहुतेक चेनसॉंना ०.५ मिलिमीटर लागते.

एवढे करूनही रेस सोडल्यावर इंजिन लगेच खाली येत नसेल, किंवा चेनसॉ आडवा-तिडवा धरल्यावर त्याची मंद गती बदलत असेल, तर कुठूनतरी हवा आत शिरते आहे. बहुधा कार्बुरेटरमागचे रबर फाटलेले असते किंवा क्रँकचे सील गेलेले असतात. अशा इंजिनाचे ट्युनिंग टिकत नाही, म्हणून आधी गळती बंद करावी.

आता ट्युनिंग. मिश्रण ताजे करा : ५० ला १ या प्रमाणात एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर, २५ ला १ असेल तर ४० मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑइल, कोणते प्रमाण घ्यायचे ते माहितीपुस्तिकेप्रमाणे ठरवा. बार, म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती पट्टी, आणि धार लावलेली चेन चढवलेलीच असू द्या. मंद गतीचे पेट्रोल ठरवणारा ‘एल’ आणि पूर्ण रेसचे ठरवणारा ‘एच’ हे दोन्ही स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत घ्या, जोर दिलात तर बैठक बिघडेल, आणि मग दोन्ही एकेक पूर्ण फेरा बाहेर काढा. बहुतेक जुन्या कार्बुरेटरना ही सुरुवात चालते. चेनसॉ जमिनीवर ठेवून इंजिन तीन-चार मिनिटे गरम करा. ‘एल’ स्क्रू फिरवत मंद गती सर्वांत जास्त होते ती जागा शोधा आणि तिथून किंचित बाहेर या. रेस देताना इंजिन अडखळले, तर आणखी थोडे बाहेर. त्यानंतर तिसऱ्या स्क्रूने मंद गती इतकी उतरवा की चेन पूर्ण थांबेल. तरीही ती फिरत राहिली, तर क्लचची स्प्रिंग ढिली झाली आहे असे समजावे.

‘एच’ स्क्रूचे काम कानाने करायचे. चेनब्रेक सोडून काही सेकंदच पूर्ण रेस द्या. ब्रेक लावून रेस दिलीत तर क्लच जळेल. आवाजात किंचित फडफड, जडपणा ऐकू आला पाहिजे. मग ओंडक्यात चेन घाला : भार येताच फडफड जाऊन आवाज स्वच्छ झाला आणि चेन बाहेर काढताच फडफड परतली, तर स्क्रू जागेवर आहे. भाराशिवायही आवाज स्वच्छ येत असेल, तर अष्टमांश फेरा बाहेर घ्या आणि पुन्हा ऐका. मन दोन जागांमध्ये घोटाळले तर जास्त पेट्रोलाची, म्हणजे स्क्रू अधिक बाहेर असलेली, जागा निवडा. धूर थोडा वाढेल, पिस्टन वाचेल. शेवटी दोन-चार ओंडके कापून प्लग काढा. फिकट तपकिरी रंग हवा, पांढुरका दिसला तर ‘एच’ अजून बाहेर घ्यावा लागेल.

प्रश्न : आमच्या चेनसॉचा छेद नेहमी उजवीकडे वळतो, आणि भुसा पिठासारखा पडतो.
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : पिठासारखा भुसा म्हणजे धार गेली आहे, धारदार चेन लाकडाच्या चिपा काढते. वळणारा छेद म्हणजे एका बाजूचे दात आखूड किंवा बोथट झाले आहेत. उजव्या हाताने काम करणाऱ्याची कानस एका बाजूला जास्त जोराने चालते, त्यामुळे हा दोष फार आढळतो. सर्वांत आखूड दात शोधा आणि बाकीचे त्याच्या लांबीला आणा. चेनच्या मापाप्रमाणे गोल कानस घ्या, ०.३२५ इंचाच्या चेनला ४.८ मिलिमीटरची, ३० अंशांचा कोन सांभाळा आणि कानस फक्त पुढे ढकला, मागे ओढताना उचला. सगळे दात सारखे करूनही छेद वळत राहिला, तर बारच्या दोन कडा बोटाने चाचपा. एक कड खाली झिजलेली असेल, तर दुसरी उंच कड सपाट कानशीने घासून तिच्या पातळीला आणावी आणि पुढच्या वेळेपासून धार लावताना बार उलटा चढवावा.