कॉम्प्रेसर बदलण्याआधी गळती शोधा

जुन्या आलिशान एसयूव्हीबद्दल या वेळी खूप पत्रं आली. त्यांतल्या बहुतेक पत्रांत एकच तक्रार आहे: भाग बदलून झाले, बिघाड मात्र जागच्या जागी. वायरिंग आणि इलेक्ट्रॉनिक्स हेच माझं काम, आणि या गाड्या मला मनापासून आवडतात. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या या गाड्यांचं लोखंड अजून दणकट असतं. त्या भंगारात जातात त्या अंदाजाने केलेल्या दुरुस्त्यांमुळे. म्हणून यंदा कमी प्रश्न घेतले आहेत आणि उत्तरं सविस्तर दिली आहेत.

प्रश्न: माझी लँड रोव्हर डिस्कव्हरी ३ आहे, २००६ सालची. रात्री व्यवस्थित उभी केलेली गाडी सकाळी चारही बाजूंनी खाली बसलेली असते. चालू केली की कॉम्प्रेसर बराच वेळ घरघरतो, मग ती सावकाश वर येते. एका मेकॅनिकने चारही एअर स्प्रिंग गेल्या म्हणून सांगितलं, दुसरा कॉम्प्रेसर बदला म्हणतो. कोणाचं ऐकू?

सध्या कोणाचंच नको. तुमची गाडी हवा भरलेल्या रबरी स्प्रिंगांवर उभी असते आणि कॉम्प्रेसर त्यांत हवा भरतो. चारही स्प्रिंगा एकाच वेळी गळायला लागणं फार क्वचित घडतं. तुमच्या गाडीत एक खास व्यवस्था आहे, ती समजली की अर्धं कोडं सुटतं. गाडी बंद असतानाही सस्पेन्शनचं मॉड्यूल, म्हणजे ते चालवणारा छोटा संगणक, ठरावीक तासांनी जागं होतं आणि चारही कोपऱ्यांची उंची तपासतं. एक कोपरा खाली गेलेला दिसला की गाडी तिरकी राहू नये म्हणून ते बाकीच्या तीन कोपऱ्यांतली हवाही सोडतं. रात्रभर हे चालतं आणि सकाळी तुम्हाला चारही चाकं बसलेली दिसतात. गळती बहुधा एकाच ठिकाणी असते.

ती शोधायला मल्टिमीटरसुद्धा (वीज मोजायचं यंत्र) लागत नाही, मोजायची टेप पुरते. संध्याकाळी गाडी सपाट जागी, नेहमीच्या उंचीवर उभी करा. प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून चारही आकडे कागदावर लिहा. इंजिन बंद करा, दारं लावा, थोडा वेळ जाऊ द्या आणि सस्पेन्शन मॉड्यूलचा फ्यूज काढा. कुठला ते मालकाच्या पुस्तिकेत सापडेल. आता मॉड्यूलला रात्री ढवळाढवळ करता येणार नाही. सकाळी पुन्हा मोजा. जो कोपरा खाली गेला, गुन्हेगार तिथेच. एकाच ॲक्सलचे दोन्ही कोपरे सारखे उतरले असतील तर त्या बाजूच्या व्हॉल्व्ह ब्लॉकपासून, म्हणजे स्प्रिंगांकडे हवा सोडणाऱ्या-अडवणाऱ्या झडपांच्या डब्यापासून, सुरुवात करा. आणि फ्यूज काढल्यावर गाडी जराही हलली नाही, तर माझा संशय हवेवरून उठून उंचीच्या सेन्सरवर जाईल.

कोपरा कळला की साबणाचं पाणी. गाडी सर्वांत उंच पातळीवर न्या, म्हणजे स्प्रिंगच्या रबराची एरवी दुमडलेली घडी उघडी पडते. चिरा तिथेच पडतात, कारण गाडी चालताना रबर सतत त्याच पट्ट्यात गुंडाळलं आणि उलगडलं जातं. घडीवर, नळीच्या जोडावर आणि व्हॉल्व्ह ब्लॉकच्या तोंडांवर फवारा मारा आणि घाई न करता बघत बसा. मोठी गळती लगेच फुगे देते. रात्रभरात गाडी बसवणारी बारीक गळती मात्र बारीक फेस धरते, तोही सावकाश. जोडावर गळत असेल तर पुष्कळदा नळीचं टोक काटकोनात, स्वच्छ कापून नवा जोड बसवला की काम होतं.

एक गोष्ट ठासून सांगते. हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही. जॅकवरही नाही. दार उघडलं तरी मॉड्यूल जागं होऊन गाडी खाली आणू शकतं आणि तुम्हाला बाहेर यायला वेळ मिळत नाही. चेसिसखाली स्टँड लावा, फ्यूज काढा, गाडीचं वजन स्टँडवर पक्कं बसलंय याची खात्री करा, मगच अंग खाली घाला.

आता कॉम्प्रेसर. तो थोडा वेळ चालून थांबण्यासाठी बनवलेला असतो. गळती भरून काढण्यासाठी त्याला रोज सकाळी भरपूर धावावं लागतं, तो तापतो, पिस्टनची रिंग झिजते. सोबतच्या ड्रायरमधले ओलावा शोषणारे दाणे भरून जातात आणि दमट हवा पुढे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये शिरते. म्हणजे कॉम्प्रेसर कमजोर झालेला असेलही, पण तो गळतीचा बळी आहे. गळती तशीच ठेवून नवा बसवलात तर नव्याचीही तीच गत होईल. तो बदलायची वेळ आलीच, तर सोबत त्याचा रिलेही, म्हणजे त्याची वीज चालू-बंद करणारा स्विच, बदला. जुन्या रिलेचे संपर्क आतल्या आत चिकटले तर किल्ली काढल्यावरही कॉम्प्रेसर चालू राहतो, बॅटरी संपवतो आणि शेवटी स्वतः जळतो. तुमच्या गाडीत मूळ हिताची कंपनीचा कॉम्प्रेसर असेल आणि त्याच्या जागी एएमके कंपनीचा घालणार असाल, तर मॉड्यूलचं सॉफ्टवेअरही अद्ययावत करावं लागतं.

एअर स्प्रिंग काढून साध्या कॉइल स्प्रिंग बसवण्याचा सल्लाही तुम्हाला मिळेल. मला तो पटत नाही. गाडीची उंची बदलण्याची सोय त्या सस्पेन्शनचा प्राण आहे, आणि एका नळीच्या जोडासाठी ती कायमची घालवणं हा त्या गाडीवर अन्याय आहे.

प्रश्न: बीएमडब्ल्यू एक्स ५, २००८ची. तीन दिवस उभी राहिली की बॅटरी मरते. नवी बॅटरी घातली तरी तेच. स्वस्तातला स्कॅनर आणला, तो 'एकही दोष नाही' दाखवतो. मागच्या डिकीत दमट वास येतो, पण त्याचा याच्याशी संबंध नसावा.

संबंध असण्याची दाट शक्यता आहे! तुमचं शेवटचं वाक्यच मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं. या पिढीच्या एक्स ५ला काचेचं मोठं छत असेल तर त्याच्या चारही कोपऱ्यांतून पाणी बाहेर नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. त्या धुळीने तुंबल्या किंवा जोडातून निसटल्या की पाणी आतल्या अस्तरामागून मागे उतरतं. डिकीखालच्या खळग्यात आणि बाजूच्या कप्प्यांत इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवलेली आहेत, बॅटरीही तिथेच. ओलं झालेलं मॉड्यूल झोपत नाही, आणि जागं मॉड्यूल बॅटरी पितं.

म्हणून आधी डिकीची फळी आणि बाजूची झाकणं काढून हाताने चाचपा. छत उघडून कोपऱ्यातल्या छिद्रात थोडं थोडं पाणी ओता आणि ते गाडीखाली कुठे पडतं ते बघा. पडलंच नाही तर नळी तुंबली आहे. ती मोकळी करताना जोराच्या दाबाची हवा मारू नका. नळी आतल्या जोडातून सुटली तर सगळं पाणी गाडीत येईल. जाड नायलॉनची दोरी हळूहळू सरकवा.

मग वीज मोजा. बॅटरी पूर्ण भरलेली आणि काही तास विसावलेली असेल तर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवायला हवी. १२.२ म्हणजे जवळपास अर्धी रिकामी. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.७ व्होल्ट मिळत असतील तर चार्जिंग ठीक आहे. हे आकडे नीट असतील तर बंद गाडी किती वीज खाते ते बघा. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर (तारेभोवती चिमट्यासारखा बसणारा) मिळाला तर उत्तम, कारण तारा सोडाव्या लागत नाहीत. डिकी उघडी ठेवा, पण तिचं कुलूप पेचकसाने फिरवून बंद झाल्यासारखं करा. बॉनेटचंही तसंच. गाडी कुलूपबंद करा, किल्ली लांब ठेवा आणि थांबा. या गाड्या लगेच झोपत नाहीत. अर्धा तास, कधी तासभरही लागतो. पाच मिनिटांत मोजून 'गाडी दोन अँपिअर खाते' म्हणणारे बरेच भेटतात, ते जागी गाडी मोजत असतात. झोपल्यावर आकडा साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत यायला हवा.

जास्त येत असेल तर फ्यूज एकेक करून उपटू नका. फ्यूज काढला की एखादं मॉड्यूल झोपतं, परत लावला की चार जागी होतात, आणि तुमचं मोजमाप वाया जातं. त्याऐवजी मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून फ्यूजच्या माथ्यावरच्या दोन उघड्या बिंदूंना टोकं लावा. वीज वाहत नसेल तर शून्य. थोडासाही आकडा दिसला तर त्या सर्किटमध्ये कोणीतरी जागं आहे. फ्यूज जागेवर, गाडी झोपेतच. मला ही पद्धत सर्वांत आवडते.

स्कॅनरचं म्हणाल तर तो खोटं बोलत नाही, त्याला दिसतंच कमी. स्वस्त यंत्र मुख्यतः इंजिनचे, 'पी'ने सुरू होणारे कोड वाचतं. बॉडीचे 'बी', चेसिसचे 'सी' आणि मॉड्यूलच्या आपसातल्या संपर्काचे 'यू' कोड वाचायला त्या बनावटीची भाषा जाणणारं साधन लागतं. जुनी आलिशान गाडी स्वतः सांभाळायची असेल तर पहिली खरेदी तीच करा. आणखी एक: तुमच्या मॉडेलमध्ये नवी बॅटरी घातल्यावर गाडीला तशी नोंद द्यावी लागते, नाहीतर ती जुन्या, थकलेल्या बॅटरीच्या हिशेबानेच चार्ज करत राहते. ती नोंद झाली होती का, हेही विचारा.

प्रश्न: पोर्श कायेन, व्ही ८, २००४ची. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाजवळून कूलंट टपकतं. गिअरबॉक्स उतरवावा लागेल असं सांगतात.

कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी. गिअरबॉक्सला हात लावण्याआधी वर बघा. पहिल्या पिढीच्या व्ही ८मध्ये इनटेक मॅनिफोल्डखाली (इंजिनमध्ये हवा नेणाऱ्या वरच्या भागाखाली), दोन सिलिंडरांच्या रांगांमधल्या घळीत, कूलंटचे प्लास्टिकचे पाइप आहेत. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते ठिसूळ होतात आणि तडकतात. पाणी घळीतून मागे वाहत गिअरबॉक्सच्या तोंडाशी उतरतं, म्हणून खालून बघणाऱ्याला गळती तिथलीच वाटते. त्यांच्या जागी बसणारे ॲल्युमिनियमचे पाइप मिळतात.

घरी करण्याजोगं काम आहे, पण एका दुपारचं नाही. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. मॅनिफोल्ड काढल्याबरोबर उघड्या इनटेक पोर्टांत स्वच्छ कापड भरा, कारण एक वॉशर आत पडला तर कूलंटची गळती ही त्यातली सर्वांत लहान अडचण ठरेल. सगळे पाइप, होज आणि थर्मोस्टॅट एकदमच बदला, मॅनिफोल्डची गॅस्केटही नवीन घाला. तोवर गाडी चालवू नका.

प्रश्न: मर्सिडीज एमएल, २००७. जुना नॅव्हिगेशनचा डबा काढून मोठ्या पडद्याचा नवा बसवला, तर गाडीतला आवाजच गेला. जुना परत लावला की येतो. नवा खराब आहे का?

नसावा. त्या काळातल्या बऱ्याच आलिशान गाड्यांत रेडिओ, ॲम्प्लिफायर, फोन हे तांब्याच्या तारांनी नव्हे तर प्रकाशाच्या तंतूने जोडलेले आहेत. त्या जाळ्याला मोस्ट म्हणतात. मुलं हात धरून रिंगण करतात तसं ते असतं: एकाने हात सोडला की रिंगण तुटतं आणि ॲम्प्लिफायरपर्यंत काही पोचत नाही. नुसता तंतूचा जोड बंद करणारा लूप लावून रिंगण पुरं होईल, पण जुना डबाच त्या रिंगणाचा प्रमुख असल्याने आवाज त्यानेही येणार नाही. तुमच्या गाडीच्या मोस्टशी बोलणारा डबा घ्या. किंवा मूळ डबा जागेवर ठेवून त्यालाच नवा पडदा आणि फोन जोडणारं इंटरफेस बसवा. मी दुसरं निवडेन. मागचा कॅमेरा, स्टिअरिंगवरची बटणं, सगळं पूर्वीसारखं चालतं. तंतू २५ मिलिमीटरपेक्षा लहान वळणात वाकवू नका आणि त्याच्या टोकाला बोट लावू नका.

सुधारणा करायचीच आहे, तर पडद्याआधी हेडलाइटकडे बघा असं मी आग्रहाने सांगेन. पिवळट, धुरकट झालेली काच म्हणजे पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक, आणि तिच्यावरचा अतिनील किरणांपासून वाचवणारा थर उडालेला असतो. पाण्यात भिजवून आधी ८००, मग १०००, २००० आणि ३००० नंबरच्या सँडपेपरने घासा आणि वर अतिनीलरोधक क्लिअर कोट द्याच. तो न देता नुसतं पॉलिश केलं तर पिवळेपणा लवकर परत येतो. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब खुपसू नका. प्रकाशाचा झोत विस्कटतो, समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात आणि गाडी बल्ब गेल्याची सूचना देत राहते.

प्रश्न: गिअरबॉक्सचं तेल 'आयुष्यभराचं' आहे म्हणतात. १,४०,००० किलोमीटर झाले. बदलू का? गाडीत झेडएफचा सहा गिअरचा ऑटोमॅटिक आहे.

बदला. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी बदलायला सांगते. तुमच्या ६ एचपी मालिकेत (झेडएफच्या सहा गिअरच्या बॉक्सचं हे नाव) फिल्टर प्लास्टिकच्या तळ-तसराळ्यातच असतो, म्हणून ते तसराळं पूर्णच बदलावं लागतं. तेल त्या बॉक्ससाठी सांगितलेलंच हवं.

जुनं तेल काढण्याआधी भरण्याच्या छिद्राचा बोल्ट सुटतोय का ते बघा. तो अडकला आणि तेल आधीच काढलेलं असलं तर गाडी जागची हलणार नाही. भरताना गाडी पूर्ण सपाट ठेवा, इंजिन चालू ठेवा, ब्रेक दाबून सगळे गिअर एकदा फिरवून पार्कवर आणा. पातळी तेलाचं तापमान ३० ते ५० अंश सेल्सिअस असतानाच बघायची, ते स्कॅनरवर दिसतं. भरण्याच्या छिद्रातून तेलाची बारीक धार येऊन थेंब पडू लागले की बोल्ट लावा, इंजिन चालू असतानाच.