विणकाम-भरतकामाच्या जुन्या मासिकांचा ढीग साठलाय, काय करू?

रद्दीत घालायची घाई करू नका. आधी प्रत्येक अंकाच्या मधल्या पानांत बघा, घडी घातलेला नमुन्यांचा मोठा कागद जागेवर आहे का. तो असेल तर अंक पूर्ण, आणि पूर्ण अंक शिकणाऱ्याला फार उपयोगी पडतो. असे अंक सुटे वाटण्यापेक्षा वर्षावार गठ्ठा बांधून वाचनालयाला किंवा शिवणवर्गाला द्या. नेण्याआधी फोन करून विचारा, सगळीकडे जागा असतेच असं नाही.

ज्यात तुम्हाला दोन-तीनच नमुने हवेत, ते अंक सरळ उसवा. पिना चिमट्याने उचकटा, नाहीतर गंजून कागद खातात. पानं प्लॅस्टिकच्या कप्प्यांच्या फायलीत लावा. आणि हो, क्रोशाचा तक्ता एका पानावर आणि खुणांचा खुलासा भलत्याच पानावर असतो, तो आठवणीने बरोबर काढा. मी एकदा विसरले, आणि एक सुंदर रुमाल कायमचा अर्धवट राहिला. अजून हळहळ वाटते.

ओल लागून चिकटलेली गुळगुळीत पानं ओढू नका, छपाईच निघून येते. ती मात्र रद्दीतच.