मांजाचा गुंता आणि डीएनएचा पीळ

प्रश्न: मी बारावीला आहे. संक्रांतीला गच्चीवर चक्रीतून सुटलेल्या मांजाचा असा गुंता झाला की शेवटी कापूनच टाकला. आमचे सर म्हणतात एकेका पेशीत 2 मीटर डीएनए असतो, मग त्याचा गुंता काऊन होत नाही? – एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर: होतो ना भाऊ, होतोच! आणि पेशीपण तेच करते जे तू केलं, कापते. फक्त ती लगेच जोडूनही टाकते, मांजाला आपण नुसती गाठ मारतो.

गुंडाळायचं काम तसं सोपं, हिस्टोन नावाच्या प्रथिनांची छोटी रिळं असतात, एकेका रिळावर 147 जोड्यांचा (दोन पदरांना जोडणाऱ्या बेसच्या जोड्या) डीएनए पावणेदोनला जरा कमी इतके वेढे घेतो, अशी लाखो रिळं. खरी भानगड पिळाची आहे, कारण डीएनए म्हणजे एकमेकांभोवती पिळलेले दोन पदर. घरातली दोन पदरी सुतळी घे, एक टोक खिडकीच्या गजाला बांध, दुसरं बहिणीला घट्ट धरायला सांग, आणि मधोमध दोन्ही पदर बोटांनी फाकवत एका बाजूला ने. पुढचा पीळ आवळतच जातो, मग जरा ढील दिली की सुतळी स्वतःभोवतीच वळ्या घालते. पिळावर पीळ, हेच सुपरकॉइल.

डीएनएची कॉपी होताना पदर असेच फाकतात, दर साडेदहा जोड्यांमागे एक वेढा पुढे ढकलला जातो. आता ई. कोलाय या जिवाणूचं बघ, त्याचा 46 लाख जोड्यांचा डीएनए म्हणजे बंद कडंच, टोकच नाही, मग पीळ जाणार कुठं? तर त्यासाठी टोपोआयसोमरेज नावाची एन्झाइम्स आहेत, पहिलं याच जिवाणूत जेम्स वांग यांना सापडलं, 1971 मध्ये. काही एकच पदर कापून पीळ सैल करतात, काही दोन्ही पदर कापतात, त्या फटीतून डीएनएचा दुसरा भाग आरपार काढतात आणि परत जोडतात. 1976 मध्ये सापडलेलं गायरेज तर भारीच, ते एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्चून आधीच उलटा पीळ भरून ठेवतं, म्हणजे पदर सुटायला सोपे जातात.

सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकची गोळी ऐकली असशील, ती या गायरेजला कापल्यावर जोडू देत नाही, आणि तुटक्या डीएनएनं जिवाणू मरतो.

अन् हो, सुतळी दोन पदरीच घे, मी आधी तीन पदरी घेऊन बसलो होतो, अर्धा तास गेला.